खान्देशात घरावर सोलर लावताय? आधी टाकीची सावली बघा, मग व्हेंडरला बोलवा

आमच्या चोपड्याच्या घरावर ३ किलोवॅटचं सोलर लागलं तेव्हापासून नात्यातले, गल्लीतले, मित्रांचे मित्र असे सगळ्यांचे फोन येतात आणि प्रश्न जवळपास तेच असतात, किती किलोवॅट घ्यायचं, सबसिडी खरंच मिळते का, लाईट गेली तर चालतं का. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितोय. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, कारण पुण्या-मुंबईचे सल्ले आपल्या उन्हाला आणि धुळीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

आपल्याकडे सगळ्यांचा एक समज पक्का आहे की खान्देशात ऊन एवढं आहे की पॅनेल कसेही टाका, वीज येणारच. ऊन भरपूर आहे हे खरंच, साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प उगाच नाही उभा राहिला. पण पॅनेलला लागतो उजेड, उष्णता त्याला मानवत नाही, आणि सावली तर अजिबात चालत नाही. ही गोष्ट मला लावून झाल्यावर कळली, तुम्हाला आधी कळावी एवढीच इच्छा.

सगळ्यात आधी वर्षभराचं बिल

महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, नाहीतर ॲपमधून १२ महिन्यांची बिलं काढा आणि वहीत दर महिन्याचे युनिट लिहा. रुपये लिहू नका, फक्त युनिट. आपल्याकडे एप्रिल-मे-जूनला कूलर दिवसरात्र चालतात त्यामुळं ते तीन महिने एकदम वर दिसतील आणि दिवाळीनंतर आकडा खाली येईल.

१ किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरा, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास. पावसाळ्यात कमी, फेब्रुवारी ते एप्रिल जास्त, पण वर्षाची सरासरी काढायला हा आकडा ठीक आहे. तुमचा वर्षाचा वापर ३००० युनिट असेल तर महिन्याला २५० झाले, म्हणजे साधारण २ किलोवॅट.

आता इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण व्हेंडर ही सांगत नाही. नेट मीटर म्हणजे लाईनीतून घेतलेली वीज (आयात) आणि तुम्ही लाईनीला दिलेली वीज (निर्यात) दोन्ही मोजणारा मीटर, त्यात जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण हा हिशोब एप्रिल ते मार्च असा चालतो. ३१ मार्चला जे शिल्लक राहील त्याचे महावितरण पैसे देतं, पण ते फार कमी दराने. म्हणजे हिवाळ्यात साठवलेले युनिट नेमके कूलर सुरू व्हायच्या तोंडावर संपतात! त्यामुळं "उन्हाळ्यातलं बिल पण झिरो झालं पाहिजे" म्हणून दुप्पट सिस्टीम घेतली तर ऑक्टोबर ते मार्चची बरीच वीज स्वस्तात द्यावी लागते. दुसरं म्हणजे महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, पहिले १०० युनिट स्वस्त आणि १०१ पासून पुढं चांगलाच महाग. म्हणून माझं मत असं की उन्हाळ्यात आयात-निर्यात वजा होऊन १०० च्या आत राहिलात तरी काम झालं, झिरोच्या मागं लागू नका. तसंही स्थिर आकार भरावाच लागतो, बिल पूर्ण शून्य कधीच होत नाही.

गच्ची बघायची ती कधी

१ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा धरा. पॅनेलचं तोंड दक्षिणेला. आपण साधारण २१ अक्षांशावर आहोत, म्हणून उतार १५ ते २१ अंशाच्या मधे ठेवतात.

आता सावलीचं सांगतो. आमच्याकडे सर्व्हेला माणूस आला मे महिन्यात. दुपारी १२ वाजता गच्चीवर उभा राहिला, इकडं तिकडं बघितलं, सावली कुठंच नाही, म्हणाला एकदम क्लिअर आहे भाऊ. आणि खरंच क्लिअर होतं, कारण मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे तेव्हाच असतो. त्या दिवसांत टाकीची सावली टाकीच्याच खाली असते. पण डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे एवढा झुकतो की भरदुपारी सुद्धा जेवढी उंच वस्तू जवळपास तेवढीच लांब सावली उत्तरेला पडते, आणि दुपारी ३ नंतर तर ती वस्तूच्या दुपटीच्या आसपास जाते. आमची १००० लिटरची काळी टाकी होती गच्चीच्या नैऋत्य कोपऱ्यात, तीही विटांच्या ओट्यावर. डिसेंबरात सोलरच्या ॲपवर रोज बघायचो, सकाळपासून छान डोंगरासारखा ग्राफ चढायचा आणि अडीचच्या सुमाराला एकदम खड्डा. वर जाऊन बघितलं तर टाकीची सावली दोन पॅनेलच्या खालच्या कोपऱ्यावर, फार फार तर हातभर. पण पॅनेल एकमेकाला एकाच लाईनीत जोडलेले असतात, त्यामुळं एका कोपऱ्यावरच्या सावलीने सुद्धा नुसत्या त्या कोपऱ्याएवढं नुकसान होत नाही, त्या पॅनेलचा मोठा भाग बंद पडतो. शेवटी प्लंबर बोलावून टाकी उत्तरेच्या बाजूला हलवली, पाईप नव्याने टाकले. हे आधी केलं असतं तर एक अख्खा हिवाळा वाया गेला नसता.

म्हणून तुम्ही कुठल्याही महिन्यात लावा, पण विचार डिसेंबरचा करा. पॅनेलच्या दक्षिणेला, आग्नेयेला, नैऋत्येला काय काय उंच आहे ते बघा, टाकी, जिन्याची खोली, शेजाऱ्याचा मजला, निंबाचं झाड, डिशची छत्री. शेजारचा प्लॉट रिकामा असेल तर तिथं उद्या कोण किती मजले चढवेल ते पण डोक्यात ठेवा.

आणि घरच्या बायकांना विचारल्याशिवाय जागा ठरवू नका, हे मी मनापासून सांगतो. चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया, पापड, बिबडे, शेवया, मिरच्या सगळं वाळत पडलेलं असतं, आणि रात्री निम्मं घर वर झोपायला असतं. पॅनेल बुटके लावले की ती जागा गेली. स्ट्रक्चर ७-८ फूट उंच घेतलं तर खालून वावरता येतं, खाटा टाकता येतात, पण वाळवणाला ऊन लागतंच त्यामुळं एक बाजू मोकळी सोडा. उंच स्ट्रक्चरचा आणखी एक फायदा आम्हाला झाला, स्लॅबवर दिवसभर सावली राहते म्हणून खालची खोली रात्री पूर्वीसारखी भाजत नाही.

लाईट गेली तर?

आमच्या शेजारचे आप्पा पहिल्या दिवशीच विचारायला आले, "लाईट गयी ते हाई चालस का?" चालत नाही आप्पा. साधी ऑनग्रिड सिस्टीम, म्हणजे बॅटरी नसलेली आणि महावितरणच्या लाईनीला जोडलेली, लाईट गेली की स्वतःहून बंद होते, भर उन्हात सुद्धा. ते मुद्दामच तसं केलेलं असतं, कारण तुमच्या घरातली वीज तारेत गेली तर पोलवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाईल. हे माहिती नसलेले लोक नंतर फार नाराज होतात, म्हणून आधीच ठरवा.

तालुक्याच्या गावात लाईट तास-अर्धा तास जात असेल तर ऑनग्रिड घ्या आणि घरातला जुना बॅटरी-इन्व्हर्टर तसाच चालू द्या. खेड्यावर जिथं रोज चार-सहा तास लाईट नसते तिथं बॅटरीवाली हायब्रिड सिस्टीम बघा, पण खर्च बराच वाढतो आणि सबसिडी बॅटरीसाठी वेगळी मिळत नाही. नुसती ऑफग्रिड फक्त मळ्यातल्या घरासारख्या ठिकाणी, जिथं लाईनच नाही.

कागदपत्रं आणि सबसिडी

पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतची आहे. घरगुती कनेक्शनला १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा त्याच्या वर कितीही घेतलं तरी ७८ हजार. पैसे थेट तुमच्या खात्यात येतात, तेही सगळं बसवून, नेट मीटर लागून, पोर्टलवर पूर्ण झाल्यावर. म्हणजे सुरुवातीला पूर्ण पैसे तुमचेच लागणार. ३ किलोवॅटपर्यंत राष्ट्रीयीकृत बँका २ लाखापर्यंत कर्ज तारण न ठेवता देतात, व्याज बाकी कर्जांपेक्षा कमी आहे, तेव्हा हात घट्ट असेल तर ते बघा.

अर्ज योजनेच्या सरकारी पोर्टलवर मोबाईल नंबर आणि बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक टाकून होतो. आधार, बिल, बँक पासबुक आणि गच्चीचा फोटो हाताशी ठेवा. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीसाठी थांबावं लागत नाही, अर्ज मंजूर धरला जातो.

खरी अडचण येते ती नावाची. आपल्याकडे निम्म्या घरांचं मीटर अजून आजोबांच्या नावावर असतं, आणि आजोबा जाऊन वर्षं झालेली असतात. बिलावरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव एक नसेल तर सबसिडी अडकते. आमच्याकडे बिलावर वडिलांचं आडनाव चुकीचं होतं, एक अक्षर, तेवढ्यासाठी तीन चकरा झाल्या. म्हणून सगळ्यात आधी मीटर नावावर करून घ्या, घर भावाभावांत असेल तर गच्चीसाठी बाकीच्यांची संमती लेखी घ्या, नंतर वाद नको. बिलावरचा मंजूर भार (तुमच्या कनेक्शनला मंजूर असलेले किलोवॅट) कमी असेल तर तो पण वाढवून घ्यावा लागतो.

व्हेंडरकडून काय काय लिहून घ्यायचं

कमीत कमी तिघांकडून कोटेशन घ्या, तिघंही पोर्टलवर नोंदणी असलेले पाहिजेत, नाहीतर सबसिडी नाही. ज्यांच्याकडे दोन-तीन वर्षांपूर्वी त्याच माणसाने लावलंय त्यांच्या गच्चीवर जाऊन बघा, गंज चढलाय का, वायरी लोंबताहेत का, फोन केल्यावर येतो का.

पॅनेल भारतीय बनावटीच्या सेलचे, म्हणजे डीसीआर पाहिजेत, सबसिडीला तेच चालतात. बिगर डीसीआर स्वस्त पडतात म्हणून कोणी मधेच बदलून टाकायला नको, तर बसवायच्या आधी प्रत्येक पॅनेलच्या मागचा सिरियल नंबर स्वतः फोटो काढून ठेवा.

पॅनेलवर जो वॅट लिहिलेला असतो तो सेलचं तापमान २५ अंश असतानाचा. आपल्याकडे एप्रिल-मेत हवेतच ४४-४५ असतं तेव्हा सेल ६५ च्या वर जातो, आणि प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज कमी होते. म्हणजे ५५० वॅटचा पॅनेल भरदुपारी ४७० च्या आसपास देतो. फेब्रुवारीतल्या थंड स्वच्छ दुपारी आमच्या ॲपवर जो सर्वात वरचा आकडा दिसतो तो मे महिन्यात कधीच दिसत नाही, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, सिस्टीम बिघडलेली नसते. पण कोटेशन घेताना टेम्परेचर कोइफिशंट, म्हणजे हाच दर अंशाला वीज कमी होण्याचा आकडा, विचारा, टॉपकॉन नावाच्या प्रकारच्या पॅनेलचा तो ०.३० च्या जवळ असतो, आपल्या उन्हाला ते चांगले. आणि पत्र्यावर लावत असाल तर पॅनेल पत्र्याला चिकटवू नका, खालून वारा खेळायला किमान वीतभर जागा सोडा.

स्ट्रक्चरमध्ये काटकसर करू नका. हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं पाहिजे, नुसता चंदेरी रंग मारलेला लोखंडी अँगल नको. मे-जूनची वादळं कशी असतात ते रावेर-यावलच्या केळीवाल्यांना विचारा, उभी बाग आडवी होते, तिथं उंच लावलेले पॅनेल म्हणजे शीडच समजा. पाय स्लॅबला नुसते भोकं पाडून बोल्टने कसले तर पावसाळ्यात गळती सुरू होते, म्हणून पायांभोवती सिमेंटचे ठोकळे (पेडेस्टल) ओतून घ्या आणि बाजूने वॉटरप्रूफिंग.

अर्थिंग तीन वेगवेगळी, एक डीसी बाजूला (पॅनेलकडची वीज), एक एसीला (घराकडची वीज) आणि एक आकाशातली वीज पडली तर ती जमिनीत जावी म्हणून जो लाइटनिंग अरेस्टर लावतात त्याला. एकाच खड्ड्यात तिघांना उरकणारे आहेत, ऐकू नका. सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरात चालणारी एसी करणारा) गच्चीवर पत्र्याच्या पेटीत बसवू देऊ नका, जिन्यात किंवा उत्तरेच्या भिंतीला सावलीत घ्या, गरम झाला की तो स्वतःच वीज कमी करतो.

पैसे टप्प्याने द्या. ऑर्डरला थोडे, माल गच्चीवर आल्यावर बरेचसे, आणि शेवटचे १० टक्के नेट मीटर फिरायला लागल्यावर. नेट मीटरच्या कामात खूप जणांची बसवलेली सिस्टीम महिना-महिना नुसती पडून राहते, आणि तेव्हा व्हेंडरला पळवायला तेवढंच हातात असतं. योजनेत ५ वर्षं देखभाल व्हेंडरने करायची आहे, ते पण करारात आहे का बघा.

मीटर लागल्यावर

पहिलं बिल नीट वाचा. त्यात आयात आणि निर्यात असे दोन आकडे येतात. समजा महिन्यात ३६० युनिट तयार झाले, त्यातले १४० घरात दिवसाच वापरले गेले, २२० बाहेर गेले, आणि रात्री तुम्ही १६० आत घेतले, तर बिल युनिटचं शून्य आणि ६० जमा. ॲपवर दिसणारे ३६० बिलावर कुठंच दिसणार नाहीत, यावरून खूप गोंधळ होतो. निर्यात शून्य दिसली तर लगेच तक्रार करा, मीटर नोंदीत चूक असू शकते.

दुपारी ॲपवर वारंवार ग्रिड एरर यायला लागला तर बऱ्याचदा इन्व्हर्टर खराब नसतो, डीपीवरून (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवरून) व्होल्टेज जास्त येत असतं. गावाच्या टोकाला आणि डीपीच्या अगदी जवळ हे जास्त होतं. मल्टीमीटरने दुपारचं व्होल्टेज लिहून ठेवा आणि त्या कागदासकट महावितरणकडे अर्ज द्या.

धूळ

फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा, गहू निघतो, मळणीची धूळ, मग एप्रिल-मेची वावटळ, पॅनेलवर बोट फिरवलं तर काळं होतं. कोरड्या दिवसांत १०-१५ दिवसांनी धुवायचेच. पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर, तापलेल्या काचेवर गार पाणी कधीच नको. मऊ मॉप, साधं पाणी, साबण नाही. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर वायपरने लगेच निपटून घ्या नाहीतर पांढरे डाग पडतात आणि ते डाग मग निघत नाहीत, आरओचं वाया जाणारं पाणी तर अजिबात नको, त्यात क्षार जास्तच. कबुतरांची घाण दिसली की त्याच दिवशी काढा, त्या एका डागाखाली सेल तापून कायमचा खराब होतो.

धुताना पॅनेलच्या खालच्या काळ्या वायरी आणि त्यांचे जोड याला हात लावू नका. सहा पॅनेलच्या लाईनीत ३०० व्होल्टच्या आसपास डीसी असतं आणि ऊन आहे तोपर्यंत ते कुठल्याही बटणाने पॅनेलच्या आत बंद होत नाही. लहान मुलांना हे समजावून सांगा, गच्चीवर पतंग उडवतात.

वर्षातून एकदा, आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आठवडाभर आधी, आम्ही एवढं करतो: स्ट्रक्चरचे सगळे नट पान्याने कसून बघतो कारण त्यानंतरच वादळं सुरू होतात, अर्थिंगच्या तिन्ही खड्ड्यांत दोन-दोन बादल्या पाणी ओततो कारण उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि अर्थिंग सुटतं, आणि टाकीच्या बाजूला निंबाची फांदी वाढून आली असेल तर छाटून टाकतो.